पुलमन : पाहुण्यांना आवडलेले गाव

१८९६ साली प्राग शहरात भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शनात अमेरिकेतल्या पुलमन या गावाला जगातले सर्वांत परिपूर्ण गाव असा मान मिळाला. शिकागोच्या दक्षिणेला, कॅल्युमेट सरोवराच्या काठी वसलेल्या याच गावात दोन वर्षांपूर्वी कामगारांच्या चुली विझल्या होत्या. इथून उठलेल्या संपामुळे शिकागोपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंतची रेल्वे खोळंबली आणि अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांना लष्कर उतरवावे लागले. प्रागच्या परीक्षकांनी मात्र काही खोटे म्हटले नव्हते. सांडपाण्याचा निचरा, घराघरांत येणारा उजेड, झाडांनी भरलेले रस्ते यांचाच निकष लावला, तर पुलमनच्या तोडीचे कामगारांचे गाव त्या काळी खरोखरच विरळा होते. म्हणूनच पुलमनचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. तो फसव्या देखाव्याचा इतिहास नाही. देखावा खरा होता, विटा खऱ्या होत्या, बागा खऱ्या होत्या. त्या सगळ्याची किंमतही तितकीच खरी होती, पण गाव पाहायला आलेल्या हजारोंपैकी ती फार थोड्यांना दिसली. कोणाला दिसली आणि का दिसली, हे तपासण्यासारखे आहे.

जॉर्ज पुलमन हा मूळचा सुतारकामातला माणूस. न्यूयॉर्क राज्यातून शिकागोला आला आणि तिथे दलदलीत रुतणाऱ्या इमारती स्क्रू-जॅक लावून वर उचलण्याच्या कामात त्याने नाव मिळवले. पुढे त्याने रेल्वेचे आरामशीर शयनडबे बनवायला घेतले आणि १८६७ मध्ये पुलमन पॅलेस कार कंपनी उभी राहिली. १८७७ साली अमेरिकाभर रेल्वे कामगारांचा मोठा संप झाला, गोळीबार झाले, पिट्सबर्गमध्ये आगी लागल्या. असंतोष गलिच्छ वस्त्यांत आणि दारूच्या गुत्त्यांत जन्मतो, कामगाराला चांगले घर, स्वच्छ हवा आणि नीटनेटका शेजार दिला की त्याची वृत्ती पालटेल, अशी पुलमनची धारणा होती. १८८० मध्ये त्याने सुमारे चार हजार एकर जमीन घेतली आणि सोलन बीमन या तरुण वास्तुविशारदाकडून कारखाना आणि गाव एकाच आराखड्यात बांधून घेतले. ही धर्मादाय योजना नाही, हे तो उघडपणे सांगे. गावात गुंतवलेल्या भांडवलावर सहा टक्के परतावा मिळायला हवा, अशी त्याची अपेक्षा होती. चांगुलपणा आणि नफा एकाच गाडीला जुंपता येतात, हे त्याला जगाला दाखवायचे होते.

आणि जग पाहायला आले. इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या गाडीतून उतरले की समोर कृत्रिम तळे, घड्याळाचा मनोरा, पुलमनच्या मुलीच्या नावाचे हॉटेल फ्लॉरेन्स. फिलाडेल्फियाच्या १८७६ च्या प्रदर्शनात गाजलेले अजस्र कॉर्लिस इंजिन इथे कारखान्याला शक्ती पुरवत होते. आर्केड नावाच्या एकाच भव्य इमारतीत दुकाने, बँक, नाट्यगृह आणि हजारो पुस्तकांचे ग्रंथालय होते. गावातले सांडपाणी पंपाने तीन मैलांवरच्या शेतात नेले जाई आणि तिथे पिकलेली भाजी विकली जाई. पाहुण्यांना गाव दाखवणारे ड्युएन डोटी हे आकडेवारीत रमणारे गृहस्थ होते. मृत्युदर किती कमी, बचत खात्यांत किती पैसे, हे ते मागितल्यासरशी सांगत. १८८४ च्या सप्टेंबरात वेगवेगळ्या राज्यांच्या कामगार-सांख्यिकी खात्यांचे प्रमुख इथे मुद्दाम येऊन राहिले. त्यांच्यात मॅसॅच्युसेट्सचे कॅरोल राईट होते, म्हणजे अमेरिकेत या विषयातला सर्वांत जाणता माणूस. मंडळींनी घरे मोजली, भाडी लिहून घेतली, नळ आणि खिडक्या तपासल्या आणि प्रयोगाची वाखाणणी करणारा अहवाल दिला. कॅरोल राईट हे नाव लक्षात ठेवावे, ते दहा वर्षांनी पुन्हा इथे येणार आहेत.

त्याच वर्षी आणखी एक पाहुणा आला होता. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला तीस वर्षांचा अर्थशास्त्राचा अध्यापक रिचर्ड इली. लग्न नुकतेच झाले होते आणि मधुचंद्राच्या प्रवासातच तो पत्नीसह पुलमनला उतरला. फेब्रुवारी १८८५ मध्ये हार्पर्स मासिकात त्याचा लेख आला. लेखाचा पहिला भाग कंपनीनेच छापून वाटावा असा आहे. घरांची बांधणी, रस्त्यांची वळणे, झाडांची निगा यांचे कौतुक त्याने हातचे न राखता केले. पण इली एवढ्यावर थांबला नाही. त्याने गावात राहणाऱ्यांशी बोलायचा प्रयत्न केला, आणि लोक बोलायला कचरतात हे त्याच्या ध्यानात आले. कंपनीचे माणूस कुठे उभे असेल, काय कानावर घालील, याची धास्ती होती. मग तो गावात काय नाही ते शोधू लागला. गावात वर्तमानपत्र नव्हते. गावाचा कारभार पाहणारे निवडून आलेले कोणी नव्हते, कंपनीने नेमलेला प्रतिनिधीच सर्वेसर्वा. आठ हजारांवर वस्ती असलेल्या गावात घर विकत घेता येत नव्हते, सगळे भाडेकरू, आणि भाडेकरार दहा दिवसांच्या सूचनेवर संपवता येई. हिरवट दगडाचे देखणे चर्च बांधलेले होते, पण त्याचे भाडे इतके की कुठल्याच मंडळीला ते परवडेना आणि ते वर्षानुवर्षे रिकामे राहिले. ग्रंथालयाला वर्गणी होती. दारू मिळे ती फक्त हॉटेल फ्लॉरेन्समध्ये, आणि तिथे कामगार फिरकत नसत.

इलीने नोंदवलेला एक प्रसंग मला सगळ्या आकडेवारीहून बोलका वाटतो. घरातून काढल्या गेलेल्या एका गरीब कुटुंबाची बाजू गावातल्या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाने घेतली आणि आपले मत जरा उघडपणे मांडले. त्याला कोणी शिक्षा केली नाही, हुकूम काढला नाही. त्याच्या मंडळीतली माणसे मात्र एकेक करून गळू लागली आणि पुढे त्या गावात बॅप्टिस्ट मंडळी पुन्हा उभीच राहू शकली नाही. इथे कंपनीला बोट उचलावे लागले नाही. आपली नोकरी आणि आपले छप्पर एकाच मालकाच्या मुठीत आहे हे ज्याला ठाऊक असते, तो स्वतःच दोन पावले मागे सरतो. जगातल्या बड्या राज्यकर्त्यांनाही प्रजेवर इतका बारीक अधिकार चालवता येत नाही, असे इलीचे म्हणणे होते. ही व्यवस्था सद्‌हेतूची असली तरी ती सरंजामशाही आहे आणि अमेरिकेच्या वृत्तीला परकी आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. पुलमनची किंमत त्याने संपाच्या कितीतरी आधीच ओळखली होती. ती पैशांत नव्हती, ती गप्प राहण्यात होती.

यावर तेव्हाही उत्तर दिले गेले आणि आजही देता येते. शिकागोच्या कत्तलखान्यांमागच्या वस्त्या पाहा, म्हणावे, उघडी गटारे, अंधाऱ्या खोल्या, साथीने मरणारी लेकरे. तिथल्या बाईला घराजवळ स्वच्छ पाणी मिळत असेल तर गावात वर्तमानपत्र नाही याचे तिला काय? हा आक्षेप हलका नाही. मूल जगणे ही गोष्ट मतदानाहून मोठी आहे, असे म्हणणाऱ्या आईला कोणी शहाणपण शिकवू नये. पण या युक्तिवादात एक गृहीत दडलेले आहे, की दोन्हींपैकी एकच मिळणार. निचरा होणारी गटारे आणि निवडलेला ग्रामकारभार यांच्यात मुळात कसलेही वैर नाही. नळ घालायला भाडेकरूचे तोंड बंद करावे लागत नाही. ते बंद राहिले, कारण मालकाला तसे हवे होते. शिवाय नळही सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला नव्हता. गाडीतून दिसणाऱ्या रस्त्यांवर कारागीर आणि अधिकारी यांची टुमदार घरे होती. मागच्या बाजूला मोठ्या खोल्यांच्या इमारती होत्या, जिथे अनेक कुटुंबांत मिळून एक नळ असे. मुंबईची चाळ ज्यांना माहीत आहे त्यांना हे चित्र वेगळे सांगायला नको. त्याच्याही पलीकडे वीटभट्ट्यांजवळ मजुरांची लाकडी खोपटी होती.

दुसरा आक्षेप असा, की कोणी बळजबरी केली नव्हती. शेजारी केन्सिंग्टन होते, रोझलँड होते, स्वस्त भाडी होती, ज्याला नको त्याने तिकडे राहावे. पुष्कळजण राहतही. पण कारखान्यात काम मंदावले की पुलमनमध्ये राहणाऱ्याला आधी काम मिळते, हे सर्वांना कळत होते. पुढे सरकारी चौकशीतही ही गोष्ट पुढे आली. गावातली भाडी आसपासच्या भाड्यांहून वीस ते पंचवीस टक्के जास्त आहेत, हेही त्याच चौकशीत नोंदवले गेले. कामाच्या भीतीने दिलेले जादा भाडे स्वखुशीचे कसे म्हणायचे?

१८९३ साली शिकागोत कोलंबसाच्या नावाने जागतिक प्रदर्शन भरले. प्रदर्शनाला आलेली देशोदेशीची माणसे पुलमनही पाहून जात. कंपनीने त्यांच्यासाठी एक पुस्तिका छापली होती, आणि जे जे कुरूप, बेसूर, माणसाला खाली ओढणारे, ते इथून हद्दपार केले आहे, अशा अर्थाची ग्वाही तिच्यात होती. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत आर्थिक पडझड सुरू झाली. रेल्वे कंपन्या बुडू लागल्या, नव्या डब्यांची मागणी आटली. पुलमनने माणसे कमी केली, आणि उरलेल्यांची मजुरी सरासरी पंचवीस टक्क्यांनी उतरवली. भाडे एका सेंटनेही उतरले नाही. अधिकाऱ्यांचे पगार जसेच्या तसे राहिले.

त्या हिवाळ्यात काय झाले ते गावातले मेथडिस्ट धर्मोपदेशक विल्यम कार्वार्डाईन यांनी लिहून ठेवले आहे. एका कुशल कारागिराने बारा दिवस रोज दहा तास काम केले. त्याची मजुरी झाली नऊ डॉलर सात सेंट. भाडे नऊ डॉलर. हातात सात सेंट. दुसऱ्या एकाला भाडे वजा जाऊन दोन सेंटची चिठ्ठी मिळाली, ती त्याने वटवलीच नाही, चौकट करून ठेवली. जेनी कर्टिस ही शिवणकाम करणारी मुलगी. तिचे वडील तेरा वर्षे कंपनीत राबले आणि सप्टेंबर १८९३ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या नावावर साठ डॉलर भाडे थकले होते. कंपनीने ते मुलीच्या तुटपुंज्या मजुरीतून वसूल करायला घेतले. ज्या घरात बाप मेला त्या घराचे त्याचे देणे शिलाई करून फेडायचे, हा त्या टुमदार गावाचा हिशेब होता. तो हिशेब पाहुण्यांच्या पुस्तिकेत असणार नव्हता.

पुलमनची बाजूही नीट ऐकून घ्यायला हवी, कारण ती निव्वळ बहाणा नव्हती. तोटा सोसून आपण डब्यांची कंत्राटे घेतली, नाहीतर कारखाना बंदच ठेवावा लागला असता, असे त्याने सांगितले. काही कंत्राटांबाबत ते खरेही होते. पण घरमालक पुलमन आणि कारखानदार पुलमन ही दोन वेगळी माणसे आहेत, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, हे त्याचे म्हणणे कामगाराच्या हातातल्या चिठ्ठीवर टिकत नाही. आणि कंपनी डबघाईला आली नव्हती. जुलै १८९३ ला संपलेल्या वर्षात तिने मजुरीपोटी सुमारे ७२ लाख डॉलर दिले आणि भागधारकांना २५ लाख २० हजार. पुढच्या वर्षी मजुरी ४५ लाखांच्या खाली आली आणि भागधारकांचा लाभांश वाढून २८ लाख ८० हजार झाला. वाटप न केलेली सुमारे अडीच कोटी डॉलरची शिल्लक तिजोरीत होती ती वेगळीच. मंदीचा भार कोणीतरी उचलायचा होताच. तो सगळाच्या सगळा ज्यांच्यावर टाकला गेला, त्यांना नाही म्हणायची कोणतीच सोय गावाच्या रचनेत ठेवलेली नव्हती. ना सभा, ना निवडून दिलेला माणूस, ना छापखाना. इलीने १८८४ मध्ये ज्याची उणीव टिपली होती, तेच १८९४ मध्ये भाकरीच्या आड आले.

मे १८९४ मध्ये कामगारांचे शिष्टमंडळ उपाध्यक्ष थॉमस विक्स आणि खुद्द पुलमन यांना भेटले. शिष्टमंडळातल्या कोणालाही त्रास होणार नाही असा शब्द मिळाला होता, पण लगेचच त्यांच्यातल्या तिघांना कामावरून कमी करण्यात आले. ११ मे रोजी कारखाना ओस पडला. संपाचे ठाणे शेजारच्या केन्सिंग्टनच्या टर्नर हॉलमध्ये होते. जगातल्या सर्वांत सुंदर कामगार गावात कामगारांनी एकत्र बसावे अशी जागा नव्हती. लवादाकडे नेण्यासारखे काही नाहीच, हे कंपनीचे उत्तर शेवटपर्यंत कायम राहिले. युजीन डेब्ज यांच्या अमेरिकन रेल्वे युनियनने २६ जूनपासून पुलमनच्या डब्यांवर बहिष्कार घातला आणि सत्तावीस राज्यांतले सुमारे अडीच लाख कामगार त्यात ओढले गेले. न्यायालयाचा मनाई हुकूम, लष्कर, शिकागोच्या रेल्वे आवारांतली जाळपोळ आणि गोळीबार, डेब्ज यांचा तुरुंगवास, हा पुढचा भाग अमेरिकेच्या इतिहासात ठळकपणे येतो. जुलै सरता सरता संप मोडला होता.

त्यानंतरचा एक पाहुणा मात्र इतिहासात कमी आठवला जातो. ऑगस्टमध्ये उपासमारीने टेकीला आलेल्या रहिवाशांनी इलिनॉयचे राज्यपाल जॉन ऑल्टगेल्ड यांच्याकडे अर्ज केला. कंपनीकडून माहिती मागवून ते स्वस्थ बसले नाहीत. ते स्वतः पुलमनला आले आणि घरोघर फिरले. सुमारे सहा हजार माणसे अन्नावाचून आहेत आणि त्यांत बहुतेक बायका-मुले आहेत, असे त्यांनी पुलमनला लेखी कळवले. येत्या १ ऑक्टोबरपर्यंतचे सगळे भाडे माफ करावे, ही त्यांची विनंती होती. तुमच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी राज्याने पन्नास हजार डॉलरच्या आसपास खर्च सोसला आहे, याचीही त्यांनी आठवण दिली. पुलमनने नकार दिला. तेव्हा ऑल्टगेल्ड यांनी राज्यातल्या जनतेला मदतीचे आवाहन केले. प्रशस्त रस्ते तेच होते, झाडे तीच. फरक इतकाच, की हा पाहुणा दाराच्या आत गेला आणि डब्यात पीठ आहे का ते पाहून आला.

त्याच ऑगस्टमध्ये क्लीव्हलंड यांनी नेमलेल्या चौकशी आयोगाचे काम सुरू झाले, आणि अध्यक्षपदी होते कॅरोल राईट. दहा वर्षांपूर्वी हेच गाव पाहून वाखाणणी करून गेलेले राईट. या वेळी त्यांच्यासमोर शंभराहून अधिक साक्षीदार शपथेवर बोलले. त्यांत जेनी कर्टिस होती, कार्वार्डाईन होते आणि शिकागोतल्या हल हाऊस या सेवाकेंद्राच्या जेन अ‍ॅडम्स होत्या. गावातले सौंदर्य पाहुण्यांना भावते, पण ज्यांच्या घरात भाकरी नाही त्यांच्या लेखी त्याचे मोल फारसे नाही, अशा आशयाचा निर्वाळा आयोगाने दिला. मंदीचा काही भार कंपनीने भाड्याच्या रूपाने उचलायला हवा होता, असेही म्हटले. माणूस तोच, प्रामाणिकपणा तोच. १८८४ मध्ये माहिती कंपनीच्या दप्तरातून आणि वास्तूंच्या पाहणीतून आली होती, १८९४ मध्ये ती राहणाऱ्यांच्या तोंडून आली. राईट यांच्यासारख्या कसलेल्या अभ्यासकाचेही मत यामुळे पालटत असेल, तर दोन दिवसांच्या सहलीवर मत बनवणाऱ्यांचे काय सांगावे! जेन अ‍ॅडम्स यांनी पुढे या संपावर एक निबंध लिहिला आणि पुलमनची तुलना राजा लिअरशी केली. दिलेल्या दानाची कृतज्ञता मागणारा आणि आपली मुले आता वेगळे काही मागतात हे समजू न शकणारा बाप. तो निबंध इतका झोंबणारा होता, की मासिकांनी नाकारला आणि १९१२ पर्यंत छापला गेला नाही. ‘नटसम्राट’ पाहून बापाच्या बाजूने डोळे पुसणाऱ्या आपल्या प्रेक्षकाला हा लिअर उलट्या बाजूने पाहावा लागतो. अ‍ॅडम्स यांनी पुलमनला दुष्ट ठरवले नाही, हे त्यांचे मोठेपण. ज्यांच्यासाठी चांगले करायचे त्यांना विचारायचेच नाही, ही त्याची चूक त्यांनी दाखवली.

हे सगळे घडून गेल्यावर सुचलेले शहाणपण आहे, मंदी आली नसती तर गाव सुखात चालले असते, असेही कोणी म्हणेल. याला उत्तर इलीच्या लेखाच्या तारखेतच आहे. तेव्हा १८९३ ची मंदी आलेली नव्हती, गावात उपासमार नव्हती. त्याने फक्त राहणाऱ्यांशी बोलून पाहिले आणि त्यांच्या आवाजातली भीती मनावर घेतली. १८९८ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला गावाची मालकी ठेवण्याचा अधिकार नाही असा निकाल दिला आणि घरे विकायला लावली. पुलमन त्याआधीच, ऑक्टोबर १८९७ मध्ये, वारला होता.

मात्र या चांगल्या पाहुण्यांचीही नजर एका ठिकाणी पोहोचली नाही, आणि ते सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पुलमनच्या शयनडब्यांत अंथरुणे घालणारे, बूट पुसणारे, रात्रभर घंटेला ओ देणारे पोर्टर बहुतेक सगळे कृष्णवर्णीय होते. त्यांतले किती तरी गुलामगिरीत जन्मलेले किंवा गुलामांची मुले होती. त्यांचा पगार इतका कमी की जगायचे ते प्रवाशांच्या बक्षिशीवर, आणि प्रवासी त्यांना त्यांच्या नावाने नव्हे तर मालकाच्या नावाने, ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारत. आदर्श गावात त्यांना घर नव्हते. डेब्ज यांच्या युनियननेही जून १८९४ च्या अधिवेशनात कृष्णवर्णीयांना सभासद करून घ्यायला नकार दिला होता. पुलमन गावावर लिहिणारे किती तरी विद्वान याच डब्यांतून प्रवास करत आले असतील. किंमत मोजणारा माणूस त्यांची पथारी घालत होता आणि त्यांनी त्याला गावाविषयी काही विचारले नाही. या पोर्टर लोकांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली स्वतःची संघटना उभी केली, बारा वर्षे झुंज दिली, आणि १९३७ मध्ये त्याच पुलमन कंपनीला त्यांच्यासमोर बसून करारावर सही करायला लावली. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीने कृष्णवर्णीय कामगारांच्या संघटनेशी केलेला तो पहिला करार होता, आणि त्यात कामाचे तास आणि वेतन या दोन्हींबद्दल पोर्टरांचे म्हणणे लिहिलेले होते.